बारा फ्लॅट आणि आक्काताई

हॉटेलात माणूस एक रात्र राहतो आणि त्याची गोष्ट त्याच्याबरोबर निघून जाते. आमच्याकडे माणूस तीन-तीन महिने राहतो, त्यामुळे तो गेला तरी गोष्ट इथंच राहते. आता इतक्या साठल्यात की दुपारी चहाला बसलं की कुठली आधी सांगावी असं होतं.

आमच्याकडे म्हणजे सांगली-मिरज रस्त्यावरच्या चार मजली इमारतीत. बारा फ्लॅट. प्रत्येकात पलंग, फ्रीज, गॅस आणि चार माणसांची भांडी. बाहेर ‘सर्व्हिस अपार्टमेंट’ अशी पाटी आहे, पण रिक्षावाले ‘महिन्याचं हॉटेल’ म्हणतात आणि ते लवकर कळतं. इस्लामपूरकडच्या कारखान्यांत मशिनरी बसवायला आलेले इंजिनिअर, पवनचक्क्यांचे लोक, मिरजेला ऑपरेशन झालेल्यांचे नातेवाईक असे लोक येतात. साफसफाई आणि चादरी बघायला आम्ही दोघी: मी आणि आक्काताई. मी दहावी शिकलेली, म्हणून रजिस्टर माझ्याकडे. आक्काताई जतकडच्या. माहेरी मेंढरं, सासरी मेंढरं. शाळा चौथीपर्यंत. मराठी अक्षर लावून वाचतात.

गेल्या वर्षी नवे मॅनेजर आले, मोहितेसाहेब. मूळचे साताऱ्याचे, पाचगणीच्या एका मोठ्या हॉटेलात आठ वर्षं काढलेले. माणूस वाईट नाही, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं की बारा फ्लॅटना दोन बायका जास्त होतात, एक पुरे. कुठली एक, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मी गप्प बसले, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग माझ्याकडं बघूनच ते म्हणाले की दिवाळीपर्यंत थांबू. गेस्टच्या वस्तूला हात लावायचा नाही, दार वाजवायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. आक्काताईंनी एवढं पाळलं तर पुढं बघू.

आक्काताईंचे मालक गुडघ्यांनी घरी बसलेले. घर याच पगारावर. मी त्यांना जिन्यात गाठून तिन्ही नियम दोनदा समजावले. त्या म्हणाल्या, “बरं.”

पहिला नियम आठव्या दिवशी मोडला.

दोनशे तीनमध्ये गुजरातचे एक साहेब होते. डेअऱ्यांचं दूध तपासायचं त्यांचं काम. फ्रीजमध्ये सहा गावांच्या दुधाच्या सहा बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. फरशी पुसताना आक्काताईंनी फ्रीज उघडून बाटलीला हात लावून बघितला, तर दूध कोमट. आता दूध नासायच्या बेतात आहे हे दिसत असताना आमच्याकडची बाई हात बांधून उभी राहू शकत नाही. त्यांनी सगळं दूध एका पातेल्यात तापवलं, निववलं आणि विरजण लावलं. चिठ्ठ्या टाकून दिल्या नाहीत. त्या पातेल्याखाली नीट ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आणि मोहितेसाहेबांना वर बोलावलं. सहा गावांचं दूध, एक पातेलं, त्यात दही. साहेब एकदा पातेल्याकडं बघत होते, एकदा चिठ्ठ्यांकडं. मोहितेसाहेब हात जोडून उभे. मी तक्रार लिहून घ्यायला रजिस्टर उघडलं.

आक्काताईंनी पातेलं जरा तिरकं करून दाखवलं. दही हललं नाही. त्या म्हणाल्या, “साहेब, दुधात सोडा-बिडा असता तर असं लागलं नसतं. सहाच्या सहा गावं नेक हायत.”

साहेबांनी माझ्याकडून त्याचं हिंदी करून घेतलं. मग स्वतःची वही काढली आणि काहीतरी लिहून घेतलं. माझ्या रजिस्टरचं पान कोरंच राहिलं.

दुसरा नियम दाराचा. तीनशे एकमध्ये नागपूरचा एक इंजिनिअर होता, बॉयलरवर रात्रपाळी करणारा. दिवसा झोपायचा आणि कडीला इंग्रजी पाटी अडकवायचा: त्रास देऊ नये. आक्काताईंना इंग्रजी येत नाही, पण ते खरं कारण नव्हे. पाटीचा अर्थ मी त्यांना सांगितला होता. त्यांच्या गावात दिवसाउजेडी दार बंद दिसलं की आत कुणीतरी आजारी असतं, एवढंच त्यांना माहीत. रोज अकरा वाजता त्या टकटक करायच्या. “भाऊ, बरं हाय न्हवं?” असं विचारून, उत्तर आलं की पुढं जायच्या.

पाच दिवस त्यानं सहन केलं. सहाव्या दिवशी मी वर गेले तर इंग्रजी पाटी उलटी लावलेली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनानं मराठीत लिहिलेलं: ‘आक्का, बरं आहे. झोपलोय.’

आक्काताईंनी ते बोट ठेवून वाचलं आणि दार वाजवलं नाही. पुढचे दोन महिने तो फिरतीवर गेला तरी पाटी तशीच लावून जायचा. मोहितेसाहेबांनी एकदा ती वाचली आणि तशीच ठेवून खाली आले.

तिसरा नियम मात्र त्यांनी मनापासून पाळला. एकशे दोनमध्ये एक बंगाली बाई होत्या, नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन मिरजेला झालेलं. आक्काताई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त शेंगदाण्याच्या चटणीचा एक डबा दाराशी ठेवला. त्या बाईंनी चटणी ठेवून घेतली आणि डबा खोबऱ्याच्या लाडवांनी भरून परत दिला. आता भरून आलेलं भांडं रिकामं कसं द्यायचं? आक्काताईंनी मेथीची भाजी घातली. तिकडून खीर आली. इकडून धपाटी गेली. बाईंच्या घरीही तीच रीत असावी, कारण कुणीच थांबेना. दोन्हीकडे तोंडातून शब्द नाही आणि डबा दिवसाआड वर-खाली.

बाई निघाल्या त्या दिवशी गाडी दाराशी उभी, त्यांचे यजमान मागच्या सीटवर आडवे, सामान चढलेलं. तेवढ्यात आक्काताई डबा घेऊन आल्या, प्रवासाला म्हणून गूळपोळ्या. बाईंनी डबा घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. भरून द्यायला त्यांच्याकडे आता काहीच नव्हतं. त्यांनी ड्रायव्हरला थांबवलं, स्वतः चालत कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या, डब्यात पेढे भरून आक्काताईंना आणून दिले आणि मगच गाडीत बसल्या. गूळपोळ्या पदरात बांधून.

“बोलले का मी?” आक्काताईंनी मोहितेसाहेबांना विचारलं. ते नाही म्हणाले. एक पेढाही घेतला.

तरी दिवाळी जवळ आलीच. बारापैकी सहा फ्लॅट पुण्याची एक कंपनी वर्षाच्या कराराने घेते. त्यांच्या मॅडम पाहणीला येणार होत्या. मोहितेसाहेबांनी मला आदल्या दिवशी केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं की त्या जो शेरा देतील त्यावर वरचे ठरवतील, आणि बहुतेक पुढच्या महिन्यापासून मी एकटीच असेन. आक्काताईंना आपण नंतर सांगू. मॅडम असेपर्यंत त्यांना गच्चीवर ठेवा, खाली येऊ देऊ नका.

मी आक्काताईंना धुतलेल्या चादरींचा ढीग दिला आणि म्हटलं, आज गच्ची तुमची. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं असावं.

मॅडम कडक होत्या. हातात क्लिप लावलेली फाइल. पलंगाखाली वाकून बघितलं, गॅसची नळी बघितली, नळ सोडून पाणी बघितलं. हसल्या एकदाही नाहीत. मग म्हणाल्या की पाण्याची टाकी बघायची आहे, तुम्ही कुणी येऊ नका, मी बघून येते. मोहितेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मॅडम जिना चढूनही गेल्या होत्या.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मोहितेसाहेबांनी मला वर पाठवलं.

मी शेवटच्या वळणावरच थांबले. टाकीवर फाइल ठेवलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर एक वीट. जिन्याच्या तोंडाशी मॅडमच्या सँडल काढलेल्या. आणि उन्हात आक्काताई आणि मॅडम डबल बेडच्या चादरीची दोन-दोन टोकं धरून समोरासमोर उभ्या. मॅडम म्हणजे वर कपडे वाळत घालायला आलेली कुणा पेशंटची बहीण, असं आक्काताईंनी धरलं असणार.

“आवं, ताणून धरा की. जेवला न्हाई काय सकाळी?”

मॅडम म्हणाल्या, “जमत नाही हो मला.”

“जमतंय. आईसंगं कवा घडी घातली न्हाई व्हय?”

चादर घेऊन दोघी एकमेकींकडं चालत आल्या, आक्काताईंनी त्यांच्या हातातली टोकं घेतली, मॅडमनी खाली वाकून मधली घडी उचलली. म्हणाल्या, “घातलीय. रोज संध्याकाळी.”

“मंग,” आक्काताई म्हणाल्या, आणि पुढची चादर ओढली.

मी खाली आले. मोहितेसाहेबांना सांगितलं की मॅडम टाकी बघतायत.

अजून अर्ध्या तासानं मॅडम खाली आल्या. फॉर्मवर सही केली, एक प्रत आम्हाला दिली आणि गाडीत बसल्या. मोहितेसाहेबांनी तो फॉर्म उभ्या-उभ्या वाचला, मग खुर्चीत बसून परत वाचला आणि माझ्याकडे सरकवला. स्वच्छता ठीक, पाणी ठीक, गॅस ठीक. सगळ्यात खाली, सुधारणांच्या रकान्यात, लिहिलं होतं:

‘गच्चीवर एक बाई कमी पडते. वाढवावी.’