मानेवर उमटलेले चंद्र

आमच्या गल्लीच्या टोकाला धोबिणीची खोली. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे भट्टी, भिंतीला घराघराची गाठोडी. बाई अबोल. नवरा होता तोवर बोलणं त्याचं, धुणं हिचं. कपड्यांवर खुणाही तोच करायचा. बिब्ब्याला सुई टोचायची, टोकावर येणाऱ्या काळ्या रसानं सदऱ्याच्या खालच्या शिवणीत शिंप्याच्या घरचा चंद्र, कंडक्टरच्या घरचे तीन ठिपके, आणि वरून चुन्याचं बोट. कापड फाटेल, खूण जाणार नाही.

तो वारला आणि खुणा हिच्याकडे आल्या. घडी घातलेल्या सदऱ्याची खालची शिवण दिसत नाही आणि गिऱ्हाईक दारात तोंड वाकडं करून उभं, म्हणून ती कॉलरच्या आत खूण करू लागली. कॉलरवर चुना पांढरा दिसतो अशी कुरकुर झाली, तर चुनाही सोडला.

मग एका सकाळी शिंपी कात्री चालवायला वाकला आणि मागे उभ्या गिऱ्हाइकाला त्याच्या मानेवर चंद्र दिसला. लालभडक, कडेनं पाणी धरलेला. पुढे कंडक्टरच्या मानेवर तीन ठिपके. मास्तरांच्या मानेवर फुली. ज्या घरची जी खूण, तीच. खुणा वर्षानुवर्षं कपड्यांवर होत्या आणि कुणाला काही झालं नव्हतं, त्यामुळे कपड्यांकडे कुणी बघेचना. सगळे बाईकडे बघू लागले.

"वर नवऱ्याचं धुणं सुरू झालंय," पाववाली म्हणाली. "ही एकेकाला खूण करून धाडतेय."

लोक हसले. पण त्या संध्याकाळी पाववालीनंच घरातल्या सगळ्यांच्या माना दिव्याखाली धरून बघितल्या. रविवारपर्यंत खोली रिकामी कर, असा धोबिणीला गल्लीचा निरोप गेला.

मी दुपारी गेले तेव्हा भट्टी थंड होती. दोरीवर सदरे टांगलेले, सगळ्यांच्या कॉलरी दाराकडे. आत शिरताना उगाच वाटलं, पाठमोरी माणसं उभी आहेत आणि आता वळतील.

"ताई, खरं सांगा," ती म्हणाली. दोन्ही हात पदरात लपवलेले. "मीच करतेय का हे? झोपेत वगैरे?"

"अक्कल गहाण ठेवलीस का गं?" मी भडकले. "गल्लीतली घरं पाडायला आलेल्या कचेरीवाल्यांना पुरून उरलो, आता फोडांना भिऊ?"

"मग माझ्याच खुणा कशा?"

 आणखी चिडून मी शिंप्याचा सदरा खाली ओढला. कॉलरीतल्या चंद्राचं तोंड डावीकडे. शिंप्याची मान मी सकाळीच बघितली होती. तिथल्या चंद्राचं तोंड उजवीकडे. कचेऱ्यांच्या खेपा घालून एक गोष्ट माझ्या हाडात मुरलीय: शिक्क्यावरची अक्षरं आणि कागदावरची अक्षरं एकमेकांच्या उलट असतात.

शिंप्याला दारात आणला. गल्ली गोळा झाली. सदरा त्याच्या खांद्यावर चढवून कॉलर मानेला टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. चंद्रावर चंद्र बसला.

"बिब्बा उततो अंगावर," मी म्हणाले. "आधी शिवणीत होता, चुन्याखाली होता. आता घामेजल्या मानेला रोज घासतोय. या बाईनं चूक केली, चेटूक नाही."

"मग हिचे हात कसे धड?" पाववाली.

"एकाला बाधतं, एकाला बाधत नाही."

"तेच म्हणतेय मी," ती हळूच म्हणाली आणि मागे सरकली.

कुणीतरी बिब्ब्यांची डबी भट्टीत टाकायला निघालं. मी मनगट धरलं. त्याचा धूर गल्लीभर फिरला असता तर मानेवर भागलं नसतं, तोंडं सुजली असती. बिब्बे पुरले. खुणेच्या कॉलरी शिंप्यानं उसवून बदलल्या. आता बाई शिवणीत लाल दोऱ्यानं त्याच खुणा घालते. रविवार आला आणि गेला, खोली तिचीच राहिली.

फोड बसले. डाग मात्र काळे पडून राहिले, अजून आहेत.

परवा तिच्या दारात बसले होते. रस्त्यानं माणसं कामाला चाललेली, सगळी पाठमोरी. ती इस्त्री फिरवत पुटपुटत होती, "तीन ठिपके गेले. चंद्र गेला. फुली गेली."

"काय गं?"

"काही नाही ताई. सवय. गाठोडं लावताना असंच म्हणते."

ती हसली, बऱ्याच दिवसांनी. मी पदर मानेवर ओढून घेतला. ऊन नव्हतं.