विंडोचा डब्ल्यू

परवा मुलगी मोबाइलसमोर ओठांचा चंबू करून उभी होती. कशासाठी, ते न विचारताच मी आधी समोरच्या बिल्डिंगकडे पाहिलं. ही नजर माझ्या आईची.

मी शाळेत होते, तेव्हा आम्ही विरारला नवीनच राहायला आलो होतो. आगाशीहून येणाऱ्या आमच्या इंग्रजीच्या बाईंनी सांगितलं होतं, की ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, ‘डब्ल्यू’ला दात लावायचे नाहीत, ओठांचा चंबू करायचा. सराव आरशात बघून. घरात सकाळचा उजेड फक्त खिडकीत, म्हणून मी आरसा घेऊन तिथे उभी राहायचे, आणि समोरच पाटलांचं घर. त्यांचा मुलगा कॉलेजात.

डब्याची भाजी चिरता चिरता आईने दोन दिवस पाळत ठेवली. मग सुरी हातात घेऊनच आली.

“कुणाला खुणा करतेस गं?”

“खुणा नाहीत, उच्चार आहेत. डब्ल्यूचे.”

“वॉटर आम्हीपण म्हणतो. तोंड असं नाही करत!”

मी ‘विंडो’ म्हणून दाखवलं. तिला पटेना. मला बाजूला सारून ती स्वतः खिडकीत उभी राहिली आणि ओठांचा भला मोठा चंबू करून म्हणाली, “विंडो. वॉटर.”

समोर पाटीलकाका बनियनवर दात घासत होते. ब्रश तोंडातच थांबला. मागून काकू आल्या. त्यांनी आधी काकांकडे पाहिलं, मग आईकडे, आणि धाडकन खिडकी लावून घेतली.

आईने हातातली सुरी खाली केली. मग हळूच म्हणाली, “जा गं, सांगून ये त्यांना. डब्ल्यू होता म्हणावं.”