आप्पांच्या अंगाचा वास

ह्या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वाचते ते टाइमपास म्हणून, भाकरी थापता थापता. खरा एकही मानत नाही. मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. रोजच्या लसी, पोटफुगी, अडलेल्या म्हशी... कुणी "गाईला नजर लागली ताई" म्हणत आलं की मी आधी थर्मामीटर लावते आणि मग त्या माणसाला झापते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण हे माझ्यासमोर घडलंय. भर दुपारी, आमच्याच शेतात – हसनाबादपासून चार किलोमीटर, तालुका भोकरदन.

माझे वडील, आप्पा, एका मोठ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात कीपर होते. शेवटची अठरा वर्षं त्यांच्याकडे मैना होती. मैना म्हणजे पक्षी नव्हे – बाप वाघ आणि आई सिंहीण! सर्कशीत दोन पिंजऱ्यांमधलं दार उघडं राहिलं, की कुणी मुद्दाम उघडलं, देव जाणे. सर्कशीतले प्राणी जप्त झाले तेव्हा ही तीन महिन्यांची आली, नावासकट. असला संकर लोकांना दाखवायचा नाही असं वरून ठरलेलं, म्हणून तिचा पिंजरा पार मागच्या बाजूला, पब्लिक जात नाही तिथे.

मी तिला एकदाच पाहिलं. रंग सिंहिणीचा, पण उन्हात आली तेव्हा पाठीवर पुसट पट्टे दिसले. आप्पा सांगायचे, शेजारच्या वाघांना ती साद घालायची, ते तोंड फिरवायचे. सिंहांचंही तेच. आप्पा दिसले की मात्र नाकातून फुर्र-फुर्र करत जाळीला गाल घासायची. "तिला दुसरं कोन हाय?" आप्पा म्हणायचे. "वाघात धरत न्हाईत, सिंहात धरत न्हाईत. मंग माझ्यात आली."

आता बैलांचं सांगते. आप्पा रजेवर आले की गोठ्याकडे फिरकायचे नाहीत. त्यांच्या अंगाला मैनाचा वास असायचा, आणि बैल दाव्याला हिसके देऊन गळा कापून घ्यायचे. यात गूढ काही नाही, जनावर आहे, घाबरणारच. आप्पा लांबूनच बघायचे आणि म्हणायचे, "रिटायर होऊ दे, मंग ह्यांचं सगळं मीच करतो." जन्मभर सरकारी जनावरं सांभाळली, शेवटी आपल्या घरची बैलजोडी सांभाळायची, एवढी एकच हौस होती त्या माणसाची.

रिटायर होऊन आले. महिना झाला, सहा महिने झाले, वर्ष झालं... बैल काही जवळ येऊ देईनात. मी ट्रंक उपसली. युनिफॉर्म, बूट, पट्टा, स्वेटर – सगळं जाळलं. कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळी झाल्या. आई म्हणाली, "लग्नात लावली नव्हती एवढी हळद लावली बाई तुझ्या बापाला." फरक शून्य. आम्हाला वाटलं, जुन्या बैलांच्या डोक्यात बसलंय. पण दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाने, संतोषने, नवी जोडी आणली, बाशिंग्या आणि तांबड्या. आप्पांना त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. तरी पहिल्याच दिवशी वीस पावलांवरून आप्पा दिसले आणि दोघंही खुंटा उपटून कपाशीत घुसले. वाऱ्याची दिशासुद्धा मी बघितली होती, वारा बैलांकडून आप्पांकडे होता. आता वर्ष उलटल्यावर माणसाच्या अंगाला कुठला वास राहतो? मी आप्पांच्या मानेला नाक लावून हुंगलं. साबण आणि तंबाखू.

तिसऱ्या वर्षी पेरणीत बाशिंग्या आप्पांना बघून उधळला आणि संतोषला तिफणीसकट बांधापर्यंत फरफटत घेऊन गेला. खांदा निखळला त्याचा. दवाखान्यातून आल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "आप्पा, तुम्ही शेतात नका येत जाऊ." आप्पा एवढंच म्हणाले, "बराबर हाय तुझं." मग मला फोन – "पोळा झाला की तुझ्याकडं जालन्याला येतो. तिथंच राहीन म्हंतो." मला रडू आलं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हा माणूस दिवसभर करणार काय?

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. संतोषने बैल धुऊन आणले होते आणि लिंबाखाली मोकळेच सोडले होते. आप्पा पोळ्यापुरते शेतात आले होते, पण लांब, विहिरीच्या पलीकडे बाजेवर बसलेले. मला एका म्हशीचा कॉल आला, त्यामुळे वेळ पक्की माहितीये – तीन वाजून वीस मिनिटं. फोन कानाला आणि समोर बघते तर बाशिंग्या निघालाय. चरत नाही, हुंदडत नाही, सरळ आप्पांकडे. मागे तांबड्या. मी ओरडणार, तोवर तो आप्पांपाशी पोचलासुद्धा.

बाशिंग्याने आप्पांचं मनगट हुंगलं आणि चाटायला लागला. तांबड्याने पाठीला तोंड लावलं. आप्पा हललेसुद्धा नाहीत. संतोष हसत-रडत धावत आला. "आप्पा, बघा ना, आले की हो जवळ! आता जालना-बिलना काही न्हाई." पण आप्पांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रफिकला फोन लाव."

रफिक म्हणजे त्यांच्या जागेवर आलेला कीपर. तो फोन उचलेना. पाच वाजता त्याचाच आला, मी स्पीकरवर टाकला. "चाचा, मैना गेली. सकाळी चांगली जेवली हो. दुपारी पाणी प्यायली, जाळीजवळ येऊन बसली, आणि बस... मान टाकली." किती वाजता, ते मीच विचारलं. डॉक्टरांनी रजिस्टरला तीन-वीस लिहिलंय, म्हणाला.

मैना म्हातारी झाली होती, तिची वेळ आलीच होती, हे मला कळतं. बैलांची भीती कधी तरी मोडणार होती, हेही मान्य. पण दोन्ही बैलांची, एकदमच? आणि नेमकी तेव्हाच? मी संतोषला योगायोग म्हणाले. तो म्हणाला, "तू शिकलेली हायेस ताई, असंल." माझ्या पुस्तकांत मी शोधलं, दवाखान्यातल्या डॉक्टरसरांना विचारलं, इथेही विचारतेय. वास असता तर हळूहळू गेला असता. आणि वास नव्हताच, तर इतकी वर्षं बैल कशाला बिचकत होते, आणि त्या दुपारी गेलं ते काय? मला उत्तर मिळालेलं नाही.

त्या संध्याकाळी आप्पांनीच बैलांची खांदेमळणी केली. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी लोणी-हळदीने बैलांचे खांदे चोळतात आणि कानाजवळ तोंड नेऊन उद्याच्या पुरणपोळीचं आवतन देतात. आप्पांनी दोघांचे खांदे चोळले, खूप वेळ, हात कोपरापर्यंत पिवळे झाले. बैल शांत उभे होते. मी त्यांना म्हटलं, "आप्पा, दोन वर्षं याचीच वाट बघत होतात ना?" ते म्हणाले, "हां. आन् आजून धा वर्षं बघितली असती." मग त्यांनी बाशिंग्याला आवतन दिलं, "आज आवतन घे, उद्या जेवाया ये." तांबड्याला दिलं. आणि मग, जिकडे कुणीच नव्हतं त्या बांधाकडे तोंड करून, तेच तिसऱ्यांदा म्हणाले.