साहेबांची खरी चिठ्ठी

पोलीस ठाण्यातल्या आमच्या डिटेक्शनच्या खोलीत चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "जाधव मॅडम, ती मेडिकलवाली सांगा ना!" एक सांगितली की तिला लटकून दुसरी येते, दुसरीवरून आमच्या वाघमारे हवालदाराला तिसरी आठवते आणि चहावर साय धरते. लोकांना वाटतं आम्ही हे सगळं रचतो. अहो, रचायला वेळ कुठे आहे!

तेव्हा साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये गुंगीच्या गोळ्यांचा सुळसुळाट झाला होता. डॉक्टरच्या खोट्या चिठ्ठ्या दाखवायच्या आणि मेडिकलमधून पाकिटंच्या पाकिटं उचलायची. एका कामगाराचा हात गुंगीत मशीनखाली गेला, तेव्हा वरून हुकूम आला. चिठ्ठ्या कोण बनवतं आणि कोणते मेडिकलवाले डोळे मिटून माल देतात, ते शोधा.

आमचे प्रमुख एपीआय सावंतसाहेब, मूळचे कणकवलीचे. संशय घेण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. कुणी हसून नमस्कार केला तरी साहेब विचारणार, "हा का हसला?"

नेमकी त्याच वेळी त्यांच्या बायकोला, सुनंदावहिनींना, नागीण झाली होती. पाठीपासून पोटापर्यंत नुसती आग. उपचाराला उशीर झाला, त्यामुळे फोड सुकले तरी दुखणं काही जाईना. पदर लागला तरी कळ यायची. आम्ही रोज विचारायचो, "वहिनी कशा आहेत?" साहेब म्हणायचे, "तशीच." मला ऐकून फार वाईट वाटायचं.

*

मेडिकलवाल्याला पकडायचं तर बोगस गिऱ्हाईक पाठवावं लागतं. पहिला मान वाघमारेचा. त्याला फाटकी जीन्स घातली, केस विस्कटले, हातात खोटी चिठ्ठी दिली. एकदम झकास दिसत होता.

गडी रुबाबात काउंटरवर गेला, कोपर टेकवलं आणि सवयीने सुरू झाला, "नाव काय रे तुझं? गाव कुठलं? इथे कधीपासून?"

दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, आधी गोळ्या तरी मागा!"

*

मग साहेबांनी एक नियम काढला. चिठ्ठी वाचता आली की ती खोटी! खरा डॉक्टर इतकं सुवाच्य लिहीलच कसं?

दुसऱ्याच दिवशी मोत्यासारख्या अक्षरातली चिठ्ठी घेतलेला एक काका सापडला. साहेबांनी त्याला गाडीत घातलं आणि चिठ्ठीवरच्या पत्त्यावर नेलं. बिचारा वाटभर "अहो, मला बीपी आहे" म्हणत होता.

पत्त्यावर दवाखाना होता. दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या आणि चिठ्ठी त्यांचीच होती. बाई ताडकन उठल्या, "अक्षर चांगलं असणं कुठल्या कलमाखाली येतं, तेवढं सांगता का?"

साहेबांनी काकांना रिक्षाने घरी सोडलं. पण परतताना मला म्हणाले, "तरी बाई जरा जास्तच चिडल्या. लक्ष ठेव."

*

पण साहेब कामाला पक्के, हेही सांगितलं पाहिजे. खऱ्या चोराला त्यांनी एका फोनवर पकडलं.

बऱ्याच खोट्या चिठ्ठ्यांवर एकच डॉक्टर आणि एकच मोबाईल नंबर होता. मेडिकलवाल्याने खात्री करायला फोन केलाच, तर पलीकडून भारदस्त आवाज यायचा, "हो हो, माझाच पेशंट." साहेबांनी स्पीकरवर फोन लावला.

"डॉक्टर, कालपासून पोटात मुरडा येतोय. काय घेऊ?"

"ओवा घ्या, गरम पाण्याबरोबर. तिखट बंद करा. दही-भात खा."

साहेबांनी फोन ठेवला आणि टोपी उचलली. "चला. डॉक्टर नाही हा."

"कशावरून, सर?"

"दवाखान्यात ये म्हणाला नाही. फुकट सांगून मोकळा झाला!"

तो निघाला मोबाईल रिपेअरवाला. मागे प्रिंटर, रबरी शिक्के, सगळा संसार! त्याने पटापट नावं दिली, दोन मेडिकलना कुलूप लागलं आणि साहेबांचा दरारा अंधेरीपासून पवईपर्यंत पोचला.

*

एक माणूस मात्र हाती लागेना. अंधेरीचे धीरजभाई. दुकान जुनं, चष्मा त्याहून जुना.

धाड टाकायची तर त्रयस्थ साक्षीदार लागतात, ते आमचे पंच. दोघा पंचांना मी समोरच्या विजेच्या खांबाजवळ उभं केलं, चेहरा पाडला आणि काउंटरवर गेले. "भाई, वडलांची कंबर हो, रात्रभर ओरडतात." डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं होतं मी!

धीरजभाईंनी चिठ्ठी वाचली. चष्म्यावरून माझ्या खांद्यापलीकडे पाहिलं आणि शेजारच्या चहावाल्याला हाक मारली, "अरे, खांबाजवळच्या त्या दोन पंचांना चहा दे. कधीचे उन्हात उभे आहेत."

माझी पार वाट लागली. साहेबांनी मग पुन्हा पुन्हा माणसं पाठवली. धीरजभाईंनी एकालाही गोळी दिली नाही. कुणालाही वाटेल, माणूस सरळ आहे. पण साहेब चिडले की मालवणीत शिरतात, "इतको सरळ? खंयतरी पाणी मुरता!"

*

आणि आता ही शेवटची.

वहिनींचं दुखणं सहन होईना. डॉक्टरांनी कडक गोळी लिहून दिली, जी चिठ्ठीशिवाय कुणी देत नाही. आज रात्री तरी तिला झोप लागू दे, एवढंच साहेबांच्या डोक्यात होतं. दवाखान्यातून निघताना मी सोबत होते. वहिनी रिक्षात दांडी घट्ट धरून बसलेल्या, पाठ कुठेही टेकू न देता.

पहिल्या मेडिकलमध्ये साहेबांनी चिठ्ठी दिली. "स्टॉक नाही, साहेब."

दुसरीकडे, "आत्ताच संपली."

तिसऱ्याने अर्धं शटर ओढलं. जेवणाची सुट्टी म्हणे, सकाळी अकरा वाजता! साहेबांनी ओळखपत्र दाखवलं, तर उरलेलंही ओढलं.

रिक्षा पवईला वळवली. तिथल्या मुलीने साहेबांकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं आणि नकार दिला. मी मान वाकवून बघितलं. केमिस्टांच्या ग्रुपवर साहेबांचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, "हे गिऱ्हाईक नाही."

रिक्षाने खड्डा घेतला की वहिनींच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. साहेब प्रत्येक वेळी त्यांच्याकडे वळून पाहायचे. शेवटी हळूच म्हणाले, "धीरजभाईकडे घे."

रिक्षा खांबाजवळ थांबली. साहेब एकटेच काउंटरवर गेले. धीरजभाईंनी चिठ्ठी वाचली, उलटून पाहिली, मग साहेबांच्या खांद्यापलीकडे बघितलं.

"पंच कुठे उभे केले, साहेब?"

"पंच नाहीत, धीरजभाई." साहेबांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "बायको आहे. रिक्षात."

धीरजभाई काउंटरची फळी उचलून बाहेर आले. रिक्षाशी येऊन वाकले. साहेब त्यांच्या मागोमाग आले.

"बेन, खरंच दुखतंय?"

वहिनींनी आधी साहेबांकडे पाहिलं.

"दुखतंय हो, भाऊ. ह्यांनीपण सुरुवातीला आठवडाभर हेच विचारलं."

धीरजभाई गोळ्या काढायला आत गेले. साहेब तिथेच खांबाजवळ उन्हात उभे राहिले.