सगळ्यात कच्चा चॅम्पियन

सोफावाल्याच्या पोटात दुखायचं ते मेहुण्याच्या नावानं. मेहुणा म्हणजे बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. पण रस्त्यात कुणी त्याला "काय चॅम्पियन!" अशी हाक मारली, की इकडे दुकानात सोफावाल्याची कात्री रेक्झिनवर वाकडी गेलीच म्हणून समजा. कारागीर मात्र एक नंबर हो! फाटक्या सोफ्याला असं नवं अंग चढवायचा की घरचे लोकही ओळखायचे नाहीत. आता जळक्या स्वभावाला काय औषध?

दुकानाला लागून सलून होतं. रविवारी सकाळी तिथे जुने बॉक्सिंगवाले जमायचे. दाढी आपली निमित्ताला, खरा उद्योग एकच: आधुनिक काळातला सगळ्यात कच्चा हेवीवेट चॅम्पियन कोण? आधुनिक काळ म्हणजे शहराच्या बॉक्सिंग हॉलला पंखे बसले तेव्हापासून, असं सलूनवाल्यानं ठरवून टाकलेलं. ज्याचं नाव घ्याल त्याची लढत उभं राहून करून दाखवायची, हा तिथला कायदा. साठीला आलेली माणसं, गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालाला फेस, आणि आरशासमोर ठोसे हाणतायत! कुणी म्हणे बर्फवाला कच्चा, फुंकर मारली तरी पडायचा. कुणी म्हणे ट्रकवाला, त्याला दुसऱ्याच राउंडला धाप लागायची. सोफावाला मात्र वर्षानुवर्षं एकच नाव धरून बसलेला.

"माझा मेहुणा! फायनलला समोरचा गडी अंगठा मोडून आलेला. एका हाताच्या माणसाला हरवलं, त्यात काय दिवे लावले?"

लोक हसायचे आणि विषय बदलायचे. कारण आतली गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्या वर्षीचा चॅम्पियनचा पट्टा खरं तर सोफावाल्याचाच व्हायचा, लिहून घ्या. सरावात तो मेहुण्याला धोपटून काढायचा. पण हेवीवेटला कमीत कमी अमुक वजन लागतंच, आणि हा गडी जरासा हलका. मग वजनाच्या दिवशी सकाळपासून केळी, आणि तांब्यावर तांब्या पाणी. इतकं करून काट्यापुढची रांग काही सरकेना. पोटाचा नगारा झाला, पाय एका जागी ठरेनात. मागे मेहुणा उभा होता. तो म्हणाला, "दाजी, जाऊन या की. जागा मी धरतो." गेले दाजी. मोकळे होऊन आले आणि काट्यावर चढले, तर अर्धा किलो कमी! खालच्या गटाची नावं आधीच बंद झालेली. झालं, घरी जा.

तेव्हापासून एक किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. मेहुणा मायेनं बोलला, की त्यानं डाव साधला?

एका रविवारी सलूनवाल्यानं जाहीर केलं, "पुरे झाला घोळ. आज हात वर करून निकाल लावायचा." सोफावाल्याला हर्ष झाला. आठवडाभर त्यानं एकेकाला गाठून पढवून ठेवलं होतं. आज सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्यायचंच, की तो पट्टा खोटा होता. तो उभा राहिला आणि मेहुण्याची फायनल करून दाखवू लागला. कसा पळत होता, कसा दोरांना चिकटत होता. लोक पोट धरून हसत होते. आणि दारात मेहुणा!

हसू जागच्या जागी थांबलं. मेहुणा आत आला, चप्पल काढली आणि म्हणाला, "चुकताय दाजी. मी याहून घाबरलो होतो." आणि स्वतःच दोरांना चिकटून दाखवलं. "एका हातानं फोडत होता हो मला तो! आणि दाजी काट्यावर पास झाले असते, तर मी फायनलला प्रेक्षकांत बसलो असतो. माझा हात वर."

"मग रांगेतून मला घालवलंस कशाला?" सोफावाल्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"अहो, तुमचे हाल बघवेनात!"

खोटं बोलत नव्हता. तेच तर वाईट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सगळ्यांचे हात वर गेले, निकाल सोफावाल्याच्या मनासारखा लागला, आणि पाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट. "वा चॅम्पियन! काय मन आहे!" कुणी चहा सांगितला, कुणी मिठी मारली. सलूनवाल्यानं हातातली दाढी अर्धी टाकून मेहुण्याला खुर्ची दिली. इतकी वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते ऐकलं, आणि सोफावाल्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी बायको भाजी चिरत होती. नवऱ्याचं उतरलेलं तोंड बघून तिनं विचारलं, "काय, लागला निकाल?"

"तुझा भाऊ. सगळ्यात कच्चा."

"अगंबाई! आणि तुमचा कितवा नंबर?"

सोफावाल्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मला कोण धरतंय त्यात," तो म्हणाला. "त्यासाठी आधी चॅम्पियन व्हावं लागतं."