किडनीचा राजीनामा

माझी प्रतिकारशक्ती उत्तम आहे. ही बढाई नाही, तक्रार आहे. आईची किडनी माझ्या पोटात उजवीकडे, कंबरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला बसवली, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून माझी ही उत्तम प्रतिकारशक्ती त्या किडनीच्या हात धुऊन मागे लागली आहे. प्रतिकारशक्तीला दाबून ठेवायला मी सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला गोळ्या घेते. आणि इथे भोपाळातच अरेरा कॉलनीत राहणारे आमचे काका दर महिन्याला गुळवेलीचा काढा बाटलीत भरून आणतात. ‘‘प्रतिकारशक्ती वाढव, पोरी. सगळं त्यात आहे.’’ पहिल्यांदा मी त्यांना समजावलं. दुसऱ्यांदाही समजावलं. तिसऱ्यांदा त्यांच्यादेखत बाटली मोरीत ओतली. काका दोन महिने फिरकले नाहीत, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

लोकांना आजारी माणूस गरीब गाईसारखा लागतो. हळू बोलणारा, सगळ्यांचे आभार मानणारा. मी तशी आधी नव्हते, तर किडनी गेल्यावर कशी होणार?

गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. आमच्याकडे पंपांचे शाफ्ट आणि बुश होतात. मापाचा गेज लावायचा, बसला तर माल पास, नाही बसला तर लाल पेटीत. रिजेक्शन हा शब्द माझ्या तोंडी दिवसातून पन्नासदा येतो. म्हणून डॉक्टरांनी तो पहिल्यांदा माझ्या किडनीबद्दल वापरला, तेव्हा भीती वाटायच्या आधी मला राग आला. लाल पेटीत टाकणारी मी. मला कोण टाकणार?

हे झालं गेल्या वर्षी, नवरात्राच्या जरा आधी. दर महिन्याच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन वर गेलेलं निघालं, म्हणजे किडनी नीट गाळत नव्हती. पुन्हा तपासलं, तर आणखी वर. मग पोटात सुई घालून किडनीचा धाग्याएवढा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. रिपोर्ट ऐकायला आई येणारच म्हणाली. ‘‘वस्तू माझी आहे,’’ म्हणाली.

आईची हिंदी हा आमच्या घरातला जुना विनोद. लग्न होऊन ती नागपूरहून तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली. वरच्या मजल्यावर मराठी माणसं, खालच्या मजल्यावर मराठी माणसं, हळदीकुंकू मराठी, भांडणंही मराठी. चाळीस वर्षांत तिची हिंदी भाजीवाला आणि गॅसवाला यांच्यापलीकडे गेली नाही. बाहेरची सगळी कामं बाबा करायचे. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, आणि दोनच वर्षांनी तिने मला एक किडनी दिली.

डॉक्टर तरुण बाई आहेत. बोलता बोलता रिपोर्टच्या पाठीमागे चित्रं काढतात. त्यांनी गोल गोल काढायला सुरुवात केली.

‘‘देखिए माताजी, शरीर में कुछ कोशिकाएँ मारने वाली होती हैं। बाहर की चीज़ दिखी कि टूट पड़ीं। और कुछ होती हैं उनका हाथ पकड़ने वाली। ये न हों तो शरीर अपने आप को ही खा जाए।’’

या हात धरणाऱ्या पेशींना नियामक पेशी म्हणतात. माझ्या तुकड्यात मारणाऱ्या पेशी शिरल्या होत्या, हे वाईट. पण त्यांच्यामध्ये या दुसऱ्याही बऱ्याच दिसल्या. नेहमीच्या तपासणीत हे कुणी बघत नाही. पॅथॉलॉजीतल्या मंडळींचा त्यावर अभ्यास चालू होता, मी कागदावर सही दिली होती, म्हणून कळलं.

‘‘इशारा अच्छा हो सकता है। गारंटी नहीं है,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘तीन दिन इंजेक्शन देंगे, फिर देखेंगे। पर मुझे लगता है, शरीर और किडनी में राजीनामा हो रहा है।’’

तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं.

भोपाळच्या कोर्टात राजीनामा म्हणजे तडजोड. नोकरी सोडणं नव्हे; त्याला इकडे इस्तीफा म्हणतात. हा शब्द मी तिशीत शिकले, माझं लग्न मोडताना. तारखेला गेलं की वकील म्हणायचा, राजीनामा कर लो. बाबू म्हणायचा, राजीनामा कर लो बेटी. चहा आणून देणारा म्हातारासुद्धा म्हणायचा. म्हणजे मी गुमान परत जावं आणि जिने माझ्यावर हात उचलला त्या सासूच्या हाताखाली पुन्हा पोळ्या लाटाव्यात. मी केला नाही. तीन वर्षं लागली, पण नाही केला. आणि आता तोच राजीनामा माझ्या पोटात, मला न विचारता, चालू झाला होता म्हणे.

हॉस्पिटलमधून घरी येईपर्यंत ऑटोत मी एक शब्द बोलले नाही. आईही बोलली नाही. तिला दमल्यासारखं झालं असेल, असं मला वाटलं. तिच्याकडे एकदा नीट बघायला हवं होतं. बघितलं नाही. मी माझ्या रागात होते.

तीन दिवस इंजेक्शनं झाली. त्या औषधाने झोप उडते आणि माणूस चिडचिडा होतो; माझ्यात फारसा फरक कुणाला जाणवला नसावा. आईत मात्र फरक पडला. गुडघे दुखतात म्हणून खाली दूध आणायला न उतरणारी आई सकाळी अर्धा अर्धा तास चालून यायला लागली. चहातली साखर बंद केली. तांब्याभर पाणी घेऊन बसायची आणि मोजून प्यायची. एकदा कपाटातून तिची जुनी फाईल काढून वाचत होती, किडनी देताना झालेल्या तपासण्यांची. मी म्हटलं, ‘‘काय बघतेस?’’ ती म्हणाली, ‘‘काही नाही, असंच.’’

आठव्या दिवशी सकाळी कारखान्यात फोन आला. डॉक्टर स्वतः बोलत होत्या.

‘‘आपकी माताजी यहाँ बैठी हैं। अकेली आई हैं। आप आ जाइए।’’

हातातला गेज टेबलावर तसाच टाकून मी निघाले. गोविंदपुऱ्यापासून हॉस्पिटलपर्यंत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. आई बाकावर बसली होती. ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर फाईल घेऊन. दोन बस बदलून आली होती, आणि उपाशीपोटी आली होती, कारण रक्त द्यायचं तर उपाशी यावं लागतं हे तिला मागच्या वेळेपासून पाठ होतं.

‘‘कह रही हैं, दूसरी भी निकाल लो,’’ डॉक्टर मला म्हणाल्या.

‘‘हाँ फिर,’’ आई म्हणाली. ‘‘पहली ने राजीनामा दिया ना? तो दूसरी लगाओ इसको।’’

‘‘दिया नहीं माताजी, हुआ है। राजीनामा हुआ है।’’

‘‘वही तो मैं बोल रही हूँ!’’

दोघी दोन मिनिटं एकाच शब्दावरून हुज्जत घालत होत्या आणि मी दारात उभी राहून ऐकत होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठ दिवस ही बाई काय समजून माझ्या ताटात भाजी वाढत होती? तिच्या किडनीने काम सोडलं, तिची वस्तू कमी पडली, असं समजून.

‘‘आई, इथे राजीनामा म्हणजे तडजोड,’’ मी म्हटलं. ‘‘किडनी चालू आहे. तिने कुठलीही नोकरी सोडलेली नाही.’’

आईने माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. ‘‘मग बाईंनी सरळ बोलावं की,’’ ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

मी डॉक्टरांना घोटाळा सांगितला. त्या हसल्या, मग एकदम हसू थांबलं. ‘‘माताजी, दोनों दे देतीं तो आप कैसे जीतीं?’’

‘‘वो आपका काम है,’’ आई म्हणाली. ‘‘आप डॉक्टर हो।’’

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मला रडू आलं असतं, पण मला त्या शब्दाचा सोक्षमोक्ष लावायचा होता. मी विचारलं, तडजोड झाली तर झुकलं कोण? मी की किडनी? डॉक्टर म्हणाल्या, कुणीच नाही. या हात धरणाऱ्या पेशी दुबळ्या नसतात. मारायला उठलेल्या पेशीला अडवायचं म्हणजे जोर लागतो. तुमच्या गोळ्या आंधळ्या आहेत, त्या दोन्ही प्रकारच्या पेशींना दाबतात. काही ठिकाणी या पेशी शरीराबाहेर वाढवून पुन्हा आत सोडून बघताहेत, म्हणजे पुढे गोळ्या कमी करता येतील का. आपल्याकडे अजून ते नाही, आणि कधी येईल ते मी सांगणार नाही. तोवर एक गोळी चुकवायची नाही.

हे मला पटलं, कारण ते माझ्या धंद्यातलं होतं. आमच्याकडे एखादा माल मापाला जरा चुकतो, पण कामाला चालण्यासारखा असतो. तो लाल पेटीत टाकणं सगळ्यात सोपं, कुणी जाब विचारत नाही. तो ठेवायचा तर कुणाला तरी सही करावी लागते आणि पुढची जबाबदारी अंगावर घ्यावी लागते. ती सही करताना माझा हात आजही जड होतो. माझ्या रक्तात अशा सह्या करणारं कुणी असेल, तर मी त्याला झुकलेलं म्हणणार नाही. कोर्टातला राजीनामा वेगळा होता. तिथे कुणीच कुणाचा हात धरायला तयार नव्हतं. फक्त मी मार खायला परत जावं एवढंच म्हणणं होतं.

बाहेर आलो आणि रस्त्यावर माझा बांध फुटला.

‘‘मला विचारावंसं वाटलं नाही तुला? एकटी, उपाशी, दोन बस बदलून?’’

‘‘पहिली देताना तुला विचारलं होतं का? तू तर नकोच म्हणत होतीस.’’

‘‘आणि दुसरी देऊन तू काय करणार होतीस?’’

‘‘माझं काय व्हायचं राहिलंय आता?’’

आई असं बोलली की मला भयंकर राग येतो. तेव्हा तर मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. फळांच्या गाड्या, रिक्षावाले, हॉस्पिटलातून बाहेर पडणारी माणसं, सगळी बघत होती. ‘‘ऐक,’’ मी ओरडले. ‘‘मी तुझ्या आधी मरणार नाहीये. तुला ते बघावं लागणार नाही. कळलं?’’

‘‘काहून ओरडून राहिली रस्त्यात? लोक बघतात ना.’’

‘‘बघू देत.’’

मग तिला भूक लागली होती हे माझ्या लक्षात आलं. समोरच्या टपरीवर तिला पोहे-जलेबी खायला घातली. साखर बंद केली होती, तरी जलेबीच्या दोन प्लेटा खाल्ल्या तिने.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. क्रिएटिनिन खाली आलं होतं. पूर्वीइतकं नाही, पण आलं होतं, आणि पुढच्या महिन्यातही तिथेच थांबलं. त्या पेशींनी ते थांबवलं, इंजेक्शनांनी, की दोघांनी मिळून, ते कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास आहे. आता हेच तुमचं नॉर्मल, म्हणाल्या.

मी विचारलं, ‘‘कितनी चलेगी?’’ हा प्रश्न तीन वर्षं मी कधी विचारला नव्हता. विचारायची हिंमत नव्हती, हे खरं.

‘‘कह नहीं सकते,’’ डॉक्टर म्हणाल्या.

आई शेजारच्या खुर्चीवर होती. ती पुढे वाकली आणि टेबलावर बोट ठेवून आपल्या भाजीबाजारच्या हिंदीत, भाव ठरवताना बोलते त्याच आवाजात बोलली.

‘‘देखो डॉक्टरबाई। किडनी मेरी है। पर वो मेरे से ज्यादा चलनी चाहिए।’’