सुनेच्या हिरड्या आणि माझी राखण

सुनेच्या पहिल्या बाळंतपणात आमच्या घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू मी होते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही मखमलाबादचे, झेंडू आणि भाजीपाला करणारे. सून सविता पाचव्या महिन्यात होती. एका सकाळी ब्रश करताना तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. मी जागीच निदान केलं (शिक्षण सातवी, आत्मविश्वास सर्जनचा!).

"ब्रशनं रक्त येतं ना? मग ब्रशच बंद!"

"आई, पण..."

"पण नाय न् बिण नाय! पोटुशीच्या हिरड्या सुजतातच. दोन बाळंतपणांत माझ्या दोन दाढा गेल्या. काय बिघडलं माझं?"

थोड्याच दिवसांत सविताच्या हिरड्या टोमॅटोसारख्या झाल्या, भाकरी चावेना! तपासणीला गेलो तर बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई माझ्यावरच उखडल्या.

"हिरड्यांचा आजार असा वाढू दिला तर बाळ दिवस भरायच्या आधी यायची, वजनाला कमी भरायची भीती असते. आधी दातांच्या डॉक्टरकडे जा!"

घरातलं पहिलं नातवंड! पण दातांचा डॉक्टर? माझी पक्की समजूत, दाताला अवजार लागलं की झटका थेट बाळाला. (मधे नेमकी कुठली वायर असते, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.) म्हणून राखणीला मीही आत घुसले. पदर कमरेला खोचलेला, एक हात सविताच्या पोटावर, दुसरा डॉक्टरच्या मनगटावर!

"आजी, हात सोडा हो, मला काही दिसत नाही," तो पोरगेला डॉक्टर म्हणाला.

"आजी कोणाला म्हणतो? अजून चार महिने हायेत!"

मशीन घुर्रर्र झालं. सवितानं चूळ टाकली. पांढऱ्या भांड्यात लालभडक पाणी! "गेली माझी सून!" एवढं ओरडले आणि अवजारांच्या ट्रेसकट जमिनीवर आडवी झाले.

डोळे उघडले तेव्हा खुर्चीत मी होते आणि पोटुशी सविता मला पदरानं वारा घालत होती. आवाज ऐकून बाहेर बसलेले आमचे हे धावत आले.

"आवं डॉक्टर, दाखवायला आणली व्हती कोण?"

डॉक्टर माझ्या वासलेल्या तोंडात बॅटरी मारत होता. "ताई, ह्यांच्या हिरड्या तर तुमच्यापेक्षा खराब! मिश्री लावतात का?"

"लय," सविता गोड आवाजात म्हणाली. (घरभेदी!)

"पुढचे दोन दात पार हलतायत. काढावेच लागतील."

सविताच्या हिरड्या स्वच्छ झाल्या, ब्रश पुन्हा सुरू झाला. तरी आठवा लागल्यापासून ती नुसती शिंकली तरी मी रिक्षा बोलवायची! शेवटी दिवस पूर्ण भरून नात झाली. वजनाला छान, गालांनी गुबगुबीत.

मी वॉर्डभर सांगत सुटले, "मीच नेली हिला दातांच्या डॉक्टरकडे! मीच!"

सविता सगळे दात दाखवून हसली. मीही हसले, तोंडाला पदर लावून.

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "अगंबाई, सासू किती लाजरी गं तुझी!"

लाजरी कसली, माझे बाई? दाखवायला पुढचे दोन होते कुठे!